जनू पाटलांच्या शेतातलं राष्ट्रपती भवन

"बाई, राष्ट्रपतींच्या वाड्यात मेंढरं किती?"

प्रश्न वर्गातून आला नव्हता, खिडकीतून आला होता. मी फळ्यावर घुमट काढत होते. मागे वळून पाहिलं, तर खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी. बाहेर कुठल्यातरी दगडावर चढली असावी. केस उन्हानं तांबूस झालेले, कपाळावर हिरवं गोंदण, आणि डोळ्यांत थट्टेचा मागमूस नाही. तिला खरोखरच आकडा हवा होता.

वर्ग खो खो हसला. मला मात्र तिचा प्रश्न कळला. 'भवन' हा शब्द पोरांच्या तोंडी बसेना म्हणून मी सकाळपासून 'राष्ट्रपतींचा मोठा वाडा' असं म्हणत होते. दिवाळी झाली की फलटणकडचे मेंढपाळ धनगर घाट उतरून आमच्या पेण तालुक्यात येत. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत रात्री मेंढरं बसवत, शेताला लेंड्यांचं खत मिळे. त्यांचा तो फिरता संसार, मेंढरं, घोडी, कुत्री, बायका-पोरं सगळं मिळून, त्याला ते 'वाडा' म्हणत. तसा एक वाडा दोन दिवसांपूर्वीच शाळेमागच्या जनू पाटलांच्या शेतात उतरला होता.

"मेंढरं नसतात गं तिथे," मी म्हटलं.

"एक बी न्हाय?"

"एकही नाही. पण घोडे आहेत. राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांचे. चांगले उंच उंच."

तिचा चेहरा खुलला. "घोडी हायत? मग हाय की वाडा."

पोरं पुन्हा हसली. मी तिला आत बोलावलं. ती आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. एक पाय आत, एक बाहेर. बाहेरच्या डोळ्यानं मेंढरं आणि आतल्या डोळ्यानं फळा.

नाव धुरपा. बापाचं नाव म्हाळू, आईचं ठकूबाई. शाळेत कधी गेलीस का, तर म्हणाली, "गेले की. बाहिरनं."

माझी ती पहिलीच नेमणूक. शाळा एकशिक्षकी, वर्ग चार, खोली एक. सव्वीस जानेवारीला विस्तार अधिकारी सावंत साहेब येणार होते आणि प्रत्येक शाळेनं एखाद्या राष्ट्रीय स्थळाचं दर्शन घडवायचं होतं. आमच्या वाट्याला राष्ट्रपती भवन आलं होतं. मी काही दिल्ली पाहिलेली नव्हती. माझ्याकडे एका कॅलेंडरवरचं चित्र होतं आणि तालुक्याच्या वाचनालयातून आणलेलं एक पातळसं पुस्तक. तेवढ्या भांडवलावर मी गुडघाभर चिखलात उतरले होते. शब्दशः. अंगणातल्या आंब्याखाली पोरांनी मातीचं भवन उभं करायला घेतलं होतं.

त्या कामाचा मुकादम होता चौथीतला नितेश, जनू पाटलांचाच मुलगा. अबोल, पण हातात कला. कॅलेंडर त्यानं इतकं पाहिलं होतं की डोळे मिटून खांब मोजून दाखवी. घुमटासाठी आईची टोपली उपडी घातली होती आणि तिला मातीचा हात देऊन अशी गुळगुळीत केली होती की बघत राहावं. मागच्या मुघल उद्यानाला काय लावायचं, तर त्यानं मूग पेरले.

"मूगच का रे?" मी विचारलं.

"मुघल ना, बाई?" तो म्हणाला. त्याला यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. मीही मग ते तसंच राहू दिलं, कारण मूग सुरेख उगवले होते. कोवळी, दाट, बोटभर उंचीची हिरवळ, मधून पांढऱ्या वाळूच्या पायवाटा.

पुढचे तीन दिवस धुरपा उंबऱ्यावर होती आणि मला असं वाटायला लागलं होतं की वर्ग मी नाही, तीच घेतेय. कारण बाकीची पोरं मी सांगेन ते पाठ करत. ही विचारत असे.

"तीनशे चाळीस खोल्या? झाडतं कोन?"

"माणसं आहेत कामाला."

"आन् राष्ट्रपतीस्नी रातीचं तान लागली, तर हांड्यापातुर किती चालायचं?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी ते पुस्तक पहिल्यांदाच नीट वाचलं. खरं सांगते, तोवर मी ते फक्त चाळलं होतं.

"ते घर त्यांचं सोताचं हाय?"

"नाही. राष्ट्रपती असेतोवर राहायचं. पाच वर्षं. मग नवे राष्ट्रपती येतात, जुने आपापल्या घरी जातात."

ही गोष्ट पोरांना पटेना. नितेश म्हणाला, "एवढं चांगलं घर आणि सोडायचं?" एकीला वाटलं, काहीतरी भांडण होत असणार. धुरपाला मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"मुक्काम हलला की बिऱ्हाड उचलायचंच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं रान आपलं म्हनून कसं चालंल?"

मग तिनं विचारलं, "राष्ट्रपती कुनीबी हुतं?"

"देशाचा कोणीही नागरिक. वय पस्तीसच्या वर हवं आणि लोकांच्या प्रतिनिधींनी निवडून द्यायला हवं."

"धनगर बी?"

मागच्या रांगेतून कोणीतरी मेंढरासारखं ओरडलं. वर्गात हशा पिकला. मी पट्टी टेबलावर आपटली, तशी शांतता झाली.

"धनगरसुद्धा," मी म्हटलं.

ती हसली नाही, लाजली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, जणू वाटेतला एखादा ओढा कुठे आहे ते कळलं.

पंचवीस तारखेला दुपारी मी पोरांकडून 'जन गण मन' घोटून घेत होते. सगळे ताठ उभे. धुरपाही उंबऱ्यापाशी उभी राहिली होती. दोन्ही पाय आत, हात अंगाशी, तोंड फळ्याकडे. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही हे तिला मीच सांगितलं होतं. बाहेरून घंटेचा किणकिणाट आला, मग कसलातरी धपकन आवाज. नितेशनं मान वळवली आणि शेवटची ओळ अर्धी टाकून पळाला.

आम्ही अंगणात आलो तेव्हा मुघल उद्यान साफ झालं होतं. एक काडी म्हणून उरली नव्हती. पंधरा-वीस मेंढरं भवनात शिरली होती, काही अजून खांबांवरून पलीकडे उड्या मारत होती, आणि टोपलीचा घुमट अंगणभर गडगडत जाऊन नळाशी थांबला होता. घंटा बांधलेला एडका मधोमध उभा राहून रवंथ करत होता.

धुरपानं शीळ घातली, हाकारा केला. मेंढरं बाहेर पडली, पण जाताना उरलंसुरलंही तुडवून गेली.

नितेश ओरडला नाही. खाली बसला आणि मातीचे तुकडे जुळवायला लागला. एक खांब उभा करी, तो पडे, पुन्हा उभा करी. मग तो असा रडला की बाकीची पोरंही गप्प झाली.

आरडाओरड ऐकून माणसं जमली. जनू पाटील शेतावरून आले. उंचापुरा, तापट माणूस, मुलावर जीव. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग म्हाळूकडे, जो काठी घेऊन धावत येत होता.

"ए धनगरा! मेंढरं माझ्या शेतात बसवायला आणली होतीस का शाळेत?"

म्हाळूनं पागोटं काढून हातात घेतलं.

"झेंडावंदन झालं की वाडा उचल. उद्याची रात्र माझ्या शेतात नको."

म्हाळूनं मान हलवली. मग लेकीकडे वळला. काठी उगारली, पण मारली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मानसांच्या पोरास्नी शिकवा. आमची पोरं वाटंवर मोठी हुत्यात." तिच्या दंडाला धरून तो तिला घेऊन गेला. तिनं वळून पाहिलं ते माझ्याकडे नाही, नितेशकडे.

संध्याकाळी मला घरात बसवेना. सकाळी साहेब येणार आणि दाखवायला चिखलाचा ढीग, ही काळजी होतीच. पण त्याहून जास्त ते 'मानसांच्या पोरास्नी' कानात घुमत होतं. दिवेलागणीच्या आधीच मी शेताकडे निघाले. थोडं पुढे गेल्यावर मागे पावलं वाजली. नितेश होता, डोळे सुजलेले.

"तू कुठे?"

"मला तिला बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"रागावायचंय," तो म्हणाला. मी त्याला परत पाठवलं नाही. रागावायचा त्याला हक्क होता.

वाड्यावर चुली पेटल्या होत्या. ठकूबाई भाकऱ्या थापत होती. मला पाहून तिनं हात न थांबवता घोंगडं पुढे सरकवलं, "बसा बाई." तिचा नवरा घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला होता. धुरपा सामानाच्या गठ्ठ्यांमागे गुडघ्यांत मान घालून बसली होती.

"तवापासनं त्वांडात घास न्हाय," ठकूबाई म्हणाली. "ह्येंनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मार खाल्ला की पोर रडतंय, मोकळं हुतंय."

नितेश धुरपासमोर जाऊन उभा राहिला. रागावायला आला होता. म्हणाला, "टोपली माझ्या आईची होती."

"फुटली?"

"नाय. चेपली."

"म्या बघत हुते मेंढरांकडं," धुरपा म्हणाली. "सारखी बघत हुते. पर गानं लागलं की हलायचं न्हाय, असं बाईंनी सांगितल्यालं."

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो मग तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, खाली बसला.

तेवढ्यात मेंढरं बसवायची वेळ झाली. ठकूबाई आणि आणखी दोघी बाया उठल्या. त्यांच्याकडे वाघरी असतात, सुतळीच्या मोठ्या जाळ्या. चार-पाच हातांवर एकेक खुंट ठोकायचा आणि जाळी ताणत जायची. पाहता पाहता मोकळ्या शेतात एक चौकोन उभा राहिला. मग त्याला लागून कोकरांसाठी दुसरा, लहान. मध्ये दार. मी काळजी विसरून बघत राहिले. कारण एका क्षणी तिथे नुसतं शेत होतं, आणि दुसऱ्या क्षणी 'आत' आणि 'बाहेर' झालं होतं.

नितेश उठून उभा राहिला होता. सुजलेले डोळे मोठे झाले होते.

"अशी जाळी अजून आहे?" त्यानं विचारलं.

"हाय की," धुरपा म्हणाली. "घोड्यावरची गुंडाळी सोडलीच न्हाय."

"किती खोल्या होतील?"

धुरपानं त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला.

"तीनशे चाळीस न्हाय व्हनार," ती म्हणाली. "धा वाडे जमलं तरी न्हाय. पर मोठाल्या खोल्या हुतील. मानसं आत चालत जातील अशा."

"मधोमध दरबार हॉल," नितेश म्हणाला. "तो गोल पायजे. त्याच्यावर घुमट."

"गोल हुतो. खुंट जवळ जवळ मारायचं."

"रात्री करू?"

"येडा हायस? रातीला मेंढरं कुठं बसवायची? लांडगा येतोय." तिनं आईकडे पाहिलं. "आये, सकाळी मेंढरं रानाला गेली की वाघरी मोकळ्याच असत्यात."

ठकूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुजा बा न्हाय म्हनल."

"मग?"

तिनं भाकरी उलटली. "मेंढरं घिऊन तर त्योच जानार," ती म्हणाली. "बगू त्यो आल्यावर. पैली जेव."

धुरपानं भाकरी खाल्ली. अर्धी नितेशला दिली, आणि त्यानं ती घेतली. पाटलांच्या घरात कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

सव्वीस जानेवारीला सूर्य वर येतो न येतो तोच मेंढरं बाहेर पडली आणि आम्ही शेतात शिरलो. माझी सगळी शाळा आणि वाड्यावरच्या तिघी बाया. म्हाळूला ठकूबाईनं काही सांगितलंच नव्हतं. मी पुस्तकातला नकाशा उघडून उभी होते, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. नितेश काठीनं जमिनीवर रेघ ओढत पुढे, धुरपा खुंट घेऊन मागे, आणि पोरं जाळी ताणायला. नितेशला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, इकडे, इकडे! हा अशोक हॉल. लांब घ्या."

"किती लांब?" ठकूबाईनं विचारलं.

"लय पावणे येतात तिथं."

"मग चूल पल्याड घेऊ," ती म्हणाली. "धूर पाव्हन्यांच्या डोळ्यात नगं." आणि तिनं आपल्या मनानं स्वयंपाकघराची एक खोली जोडून टाकली. नकाशात ती तिथे नव्हती.

घुमटासाठी चार बांबू वाकवून एकत्र बांधले आणि त्यावर काळी घोंगडी टाकली. पुढचे खांब म्हणून मोठी पोरं उसाच्या कांड्यांसारखी ताठ उभी करायची ठरली. दारापाशी दोन घोडी आणून बांधली, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. बाग मात्र राहिली. मूग काही एका रात्रीत उगवत नाहीत. तेव्हा बालवाडीच्या वयाची जी सात-आठ चिल्लीपिल्ली नुसती पायांत येत होती, त्यांना हातात एकेक फूल देऊन मागे ओळीत बसवलं. ती झाली बाग. बाग फार हलत होती.

जनू पाटील आले तेव्हा अर्धं भवन उभं होतं. कमरेवर हात ठेवून ते बांधावरून खाली उतरले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात नितेश खुंट ठोकता ठोकता म्हणाला, "आप्पा, सरका. तुम्ही मोठ्या दारात उभे आहात."

पाटील बघत राहिले. आदल्या दिवशी मातीत बसून रडणारं पोर ते. त्यांनी खाली पाहिलं, जमिनीवर रेघ होती खरी. ते बाजूला झाले. जरा वेळानं कोट काढून बांधावर ठेवला आणि एक खुंट नीट बसत नव्हता तो दगडानं ठोकून दिला.

झेंडावंदन झालं. सावंत साहेब जीपमधून उतरले होते, हातात फाईल, चेहऱ्यावर अजून चार शाळा करायच्या आहेत असा भाव. मी त्यांना शेताकडे नेलं तेव्हा काय सांगावं ते सुचत नव्हतं. सांगावं लागलंच नाही. मोठ्या दारात धुरपा उभी होती, काठी आडवी धरून.

"कुनाला भेटायचंय?"

साहेब दचकले. "मी... राष्ट्रपती भवन पाहायला आलोय."

"पायतान हितं काढा. दरबारात अनवानी जायचं."

"असा नियम आहे?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"इथला आहे," मी म्हटलं.

साहेबांनी बूट काढले. मोजेही काढले. कापलेल्या भाताच्या धसकटांवरून पाय उचलत, मान वाकवून ते आत शिरले, आणि पुढे धुरपा, मागे सगळी शाळा आणि झेंडावंदनाला जमलेलं गाव. धुरपा सांगत होती, हा अशोक हॉल, हितं पाव्हनं बसत्यात. ही पुस्तकांची खोली, हितं बोलायचं न्हाय. ही लांबडी खोली जेवायची. हे मागं फुलं, त्येंच्याशी बोललं तर चालतंय. बागेनं साहेबांना फुलं दिली आणि एकानं परतही मागितलं.

एका कोपऱ्यात अगदी लहान चौकोन होता. "आणि ही?" साहेबांनी विचारलं.

"ही राष्ट्रपतींची सोताची. निजायची."

"एवढीशी?"

"मानूस निजलं की किती जागा लागती?" धुरपा म्हणाली. "बाकीचं समदं आल्यागेल्याचं."

साहेब तिथे थोडे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरच्या त्या चार शाळा आता दिसत नव्हत्या.

दरबार हॉलमध्ये, घोंगडीच्या काळ्या घुमटाखाली, शाळेतली हातांची एकुलती एक खुर्ची ठेवली होती. रिकामी. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"वा. आणि राष्ट्रपती कुठे आहेत?"

पोरं एकमेकांकडे, मी पोरांकडे. खांब होते, बाग होती, घोडे होते, स्वयंपाकीणही होती. राष्ट्रपती करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ते राहिलं," नितेश पुटपुटला.

"मग हे एवढं घर कोणाचं?"

"समद्यांचं," धुरपा म्हणाली. "ज्याची पाळी त्यानं बसायचं. मग उठायचं."

"मग बसा की पाळीनं!" साहेब म्हणाले, आणि फाईल खाली ठेवून स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले.

एकेक पोर खुर्चीवर बसलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्यानं देशाला एक हुकूम द्यायचा. एकीनं शाळेला रोज सुट्टी दिली. दुसऱ्यानं ती रद्द केली. बागेतल्या एका फुलानं आईला बोलावलं आणि मांडीवरून राज्य केलं. नितेशला काही सुचेना, म्हणून त्यानं हुकूम दिला की "सगळ्यांनी हळू चाला, खुंट निघतील." धुरपाची पाळी आली तेव्हा ती खुर्चीत अगदी मागे सरकून बसली, पाय लोंबकळत. मग म्हणाली, "म्या न्हाय देत हुकूम. बसू द्या नुस्तं."

तेवढ्यात दाराशी घोडं खिंकाळलं. म्हाळू मेंढरं घेऊन परतला होता. आपल्या वाघरी, आपली घोंगडी, आपली घोडी, आणि गावातली सगळी माणसं मधे बसलेली. बायको हसू दाबत उभी. त्यानं लेकीला खुर्चीत पाहिलं, मग जनू पाटलांना पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप पागोट्याकडे गेला.

धुरपा टुणकन खाली उतरली. मग नितेश उठला, दारापर्यंत गेला आणि म्हाळूचा हात धरला.

"या. आता तुमची पाळी."

"नगं रं बाबा," म्हाळू मागे सरला. "आमी हितंच बरं."

पोरानं हात सोडला नाही. ओढत ओढत त्याला घुमटाखाली आणलं. म्हाळू खुर्चीशेजारी जमिनीवरच टेकायला लागला. गावात तो कायम असाच बसे, ओट्याखाली, उकिडवा. त्यानं वर पाहिलं ते पाटलांकडे.

पाटील घसा साफ करत पुढे आले. काल ज्याला त्यांनी 'ए धनगरा' म्हटलं होतं, त्याला ते म्हणाले, "बसा की म्हाळूदादा, वर बसा. शेत माझं, घर तर तुमच्या वाघरीचं आहे."

म्हाळू बसला. खुर्चीच्या अगदी कडेवर, काठी गुडघ्यांत धरून. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "हुकूम! हुकूम!" ओरडायला लागली. त्याला कळेना काय करायचं. धुरपानं कानात सांगितलं. तो ऐकून घेऊन हसला. तंबाखूनं काळे पडलेले दात मी प्रथमच पाहिले.

"आता जाळ्या सोडा," तो म्हणाला. "माजी मेंढरं उन्हात उभी हायत."

हा एकच हुकूम त्या दिवशी तंतोतंत पाळला गेला. गावानं आणि वाड्यानं मिळून भवन उतरवलं, सावंत साहेबांनी एक खुंट उपटला. त्या रात्री वाडा हलला नाही. पाटलांनी स्वतः जाऊन सांगितलं की अजून शेताचा वरचा तुकडा राहिलाय, तोही बसवून घ्या.

चार दिवसांनी त्यांचा मुक्काम खरोखर हलला. मी शाळा उघडत होते, तर म्हाळू पायरीपाशी उभा. मागे रस्त्यावर लादलेली घोडी, बायका, आणि पांढऱ्या-काळ्या मेंढरांचा लोट. धुरपा दोन काखांत दोन कोकरं धरून चालत होती. जन्मून दोनच दिवस झालेली, त्यांना चालवत नाही, ती पोरांनीच उचलायची असतात.

म्हाळू घोटाळला. काठीनं माती उकरली.

"बाई, म्होरल्या गावात शाळा हाय?"

"आहे ना."

"बाई हायत का गुर्जी?"

"गुरुजी आहेत. ठाकूर गुरुजी."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवून विचारलं, "मारकं हायत?"

"नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांना निरोप धाडते. आणि त्यांच्या पुढच्या गावातल्या बाईंनाही."

तो परत गेला. लेकीपाशी थांबला. तिच्या काखेतली दोन्ही कोकरं काढून घेतली आणि आपल्या खांद्यावरच्या घोंगड्यात घातली. "चल," म्हणाला. धुरपा निघाली. तिच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. ती ते मोकळे हात कधी मागे बांधी, कधी पुढे घेई. वळणापर्यंत तिला ते कुठे ठेवावेत ते उमगलं नाही.

त्या हंगामात ती किती शाळांत बसली ते मला नक्की माहीत नाही. पुढे पावसाळ्यात फलटणकडच्या त्यांच्या गावच्या शाळेत तिचं नाव घातलं गेलं, आणि अडखळत, वर्षं वाया घालवत का होईना, ती दहावी झाली. आता तिकडे अंगणवाडी चालवते. पण हे सगळं फार नंतरचं.

त्या फेब्रुवारीत केंद्राच्या शिक्षकसभेला ठाकूर गुरुजी भेटले. मला पाहताच बाकावरून उठून आले.

"बाई, निरोप एकाच पोरीचा होता ना?"

"हो. का? आली नाही?"

"आली," गुरुजी म्हणाले. "बरोबर सहा पोरं आणली. वाड्यावरची सगळी. उंबऱ्यावर नाही हो, सरळ पहिल्या रांगेत बसवली तिनं. आणि त्यांच्या मागून दोन कुत्री आली, ती दारात बसतात, शाळा सुटेपर्यंत हलत नाहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांचीही हजेरी घेऊ का?"

"घ्या की," मी म्हटलं.